थोरल्या धारेची वाट

धुलाईघरातल्या लोकांना वर्षातून एकदा कुठेतरी फिरवून आणायचं, अशी त्या रुग्णालयात जुनी पद्धत होती. कुठे जायचं यावरून दरवर्षी वाद रंगायचा आणि शेवटी सगळे जवळच्या तळ्यावर जाऊन, डबे खाऊन, उन्हाने डोकं धरून परत यायचे. या वर्षी मात्र इस्त्रीच्या यंत्रावरच्या एकीने हट्टच धरला. तिचं तोंड सकाळी सुरू व्हायचं ते पाळी संपल्यावरच बंद व्हायचं, म्हणून तिला सगळे रेडिओ म्हणत. रेडिओने कुठूनतरी ऐकलं होतं की डोंगरातलं ते सरकारी उद्यान बघण्यासारखं आहे. दोन धबधबे आहेत, जंगलातून पायवाटा आहेत, आणि पाण्यावर चालणाऱ्या एका जुन्या कागद गिरणीचे अवशेषही जपून ठेवलेत. "तळ्यातली बदकं आता आपल्याला चेहऱ्याने ओळखायला लागलीत," ती म्हणाली, आणि उद्यान ठरलं.

हे ठरत होतं तेव्हा बाई चादरींच्या घड्या घालत होत्या. धुलाईघराचा कारभार त्यांच्याकडे होता. कुठल्या वॉर्डातून किती गाठोडी आली, कुठल्या चादरीचा डाग निघणार नाही, कुठली उसवलेली आहे, सगळं त्यांच्या हाताला कळायचं. त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे, नुसतं बाई. उद्यानाचं नाव ऐकलं आणि त्यांच्या हातातली घडी चुकली. उलगडून त्यांनी ती पुन्हा घातली. आपली मुलगी तिथेच कामाला आहे, हे काही त्या बोलल्या नाहीत. धुलाईघरात कोणालाच ते ठाऊक नव्हतं. एक मुलगी आहे, लांब असते, एवढंच सगळ्यांना माहीत.

तिला मुलगी म्हणावं की नाही, हाच तर बाईंच्या जन्माचा घोळ होता.

बाईंचं लग्न झालं तेव्हा त्यांचं वय उलटून गेलं होतं आणि लोकांनी विषय काढणंही सोडून दिलं होतं. स्थळ आलं ते विजेच्या कंपनीतल्या एका लाइनमनचं. पहिली बायको वारलेली, पदरात एक लहानगी पोर. पोर अशी की एका जागी क्षणभर ठरायची नाही, म्हणून वडील तिला भिंगरी म्हणायचे. बाई घरात आल्या त्या दिवशी त्यांनी पोरीला पुढे घेतलं आणि सांगितलं, "ही मावशी. आता आपल्याकडेच राहणार."

पोरीने बाईंना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "किती दिवस?"

सगळे हसले. बाईही हसल्या. पण तो प्रश्न त्यांच्या मनात कुसळासारखा रुतला तो रुतलाच.

मावशी हे नाव एकदा पडलं ते पडलं. ताप चढला तरी मावशी, गुडघा फुटला तरी मावशी, केसांतला गुंता काढताना आरडाओरडा चालायचा तोही मावशीच्या नावाने. शेजारणी समजूत घालायच्या की थांबा थोडं, म्हणेल हळूहळू आई. बाईंनी स्वतः कधी सुचवलं नाही. मागून घ्यायला ती काय वाटीभर साखर होती? पण शाळा सुटल्यावर फाटकाशी बाकीच्या मुली "आई" करत धावत यायच्या आणि भिंगरी "मावशी" करत धावत यायची. धावण्यात तसूभरही कमी नसायचं. तरी बाईंच्या काळजाला बारीकसा चिमटा बसायचाच.

पोर मोठी झाली, झाडंझुडपं आणि दगडधोंड्यांचं शिक्षण घेतलं आणि त्या उद्यानात नोकरीला लागली. लोकांना पायवाटांवरून फिरवायचं, गिरणीचा इतिहास सांगायचा, पावसात वाहून गेलेल्या पायऱ्या बसवून घ्यायच्या, असं तिचं काम. राहायला आतच एक खोली होती. मग घरी फोन आला की वडील तासभर बोलायचे आणि शेवटी फोन बाईंच्या हातात द्यायचे, "घे, बोल." पलीकडून विचारणा व्हायची, मावशी, बरी आहेस ना. बाई म्हणायच्या, बरी आहे, वेळेवर जेवतेस ना. एवढं बोलून फोन पुन्हा वडिलांकडे.

मग एक दिवस वडील गेले, खांबावरून पडून नव्हे, घरात खुर्चीवर बसल्या बसल्या. भिंगरी आली, काही दिवस राहिली. दोघींनी मिळून त्यांचं कपाट आवरलं, हत्यारांची पेटी पुसून ठेवली. रडल्याही, पण एक स्वयंपाकघरात आणि दुसरी न्हाणीघरात. मग ती कामावर परतली, आणि दोघींच्याही लक्षात आलं की फोन हातात द्यायला आता मधे कोणी नाही. सुरुवातीला नेमाने फोन व्हायचे. बरी आहेस ना, जेवतेस ना, आणि मग नुसता श्वास. हळूहळू ते विरळ झाले. मग थांबले.

भांडण झालं असतं तर बरं, असं बाईंना कितीदा वाटलं. भांडण मिटवता तरी येतं. इथे मिटवायचं काय? नवऱ्याच्या मुलीवर आपला हक्क नवऱ्यामुळे. तो गेल्यावर कोणत्या तोंडाने म्हणायचं की मला फोन कर? फोन उचलून त्या नंबरापर्यंत जायच्या आणि पुन्हा ठेवून द्यायच्या. ज्या हाकेने जन्मभर चिमटा काढला, तीच हाक एकदा कानावर पडावी म्हणून जीव कासावीस व्हायचा. रुग्णालयाच्या जिन्यात कोणी कोणाला मावशी म्हटलं तरी त्या मागे वळून बघायच्या.

सहलीच्या दिवशी बाईंनी दोनदा न जायचं ठरवलं आणि दोन्ही वेळा रेडिओचा फोन आला. शेवटी त्या बसमध्ये खिडकीशी जाऊन बसल्या. वाटभर मनाशी एकच खेळ चालला होता. आज तिची सुट्टी असू दे, म्हणजे तोंड दाखवायची वेळ येणार नाही. आणि लगेच दुसरं मन म्हणायचं, एवढ्या लांब आल्यावर ती नसली तर मी काय करू?

ती होती. उद्यानाच्या फाटकाशी खाकी कपड्यांत, डोक्यावर टोपी, हातात काठी. केस कापून मानेपर्यंत आणले होते. उन्हाने रंग रापला होता आणि खांदे रुंद दिसत होते. बाई रेडिओच्या पाठीमागे सरकल्या, कारण रेडिओच्या पाठीमागे दोन माणसं सहज मावायची. पण भिंगरी सगळ्यांच्या पायांतली पादत्राणं तपासत तपासत त्यांच्यापर्यंत आलीच. आधी तिला बाईंचे कापडी बूट दिसले. मग नजर वर गेली.

तिचं वाक्य मधेच तुटलं. क्षणभरच. मग तिने घसा साफ केला आणि सगळ्यांना उद्देशून सांगितलं की वाट ओली आहे, कठड्याबाहेर कोणी जायचं नाही, आणि दमलं की लाजायचं नाही, सांगायचं.

बाईंनी मागे उभ्या असलेल्या बसकडे बघितलं. पोरीने ओळख दाखवली नाही. न सांगता आलो, तिच्या कामाच्या जागी, हे सगळं लटांबर घेऊन. तिला राग आला असणार. आता पाय पुढे टाकावा की बसमध्ये जाऊन बसावं? पण रेडिओने त्यांचा दंड धरला होता, त्यामुळे पाय पुढे पडले.

वाट नदीच्या कडेने वर चढत होती. खाली पाणी दिसत नव्हतं, नुसता आवाज. भिंगरी छान सांगत होती. इथे एके काळी कागद व्हायचा, तो लाकडाचा नाही, चिंध्यांचा. गाड्या भरभरून जुने कपडे यायचे आणि गिरणीतल्या बायका दिवसभर बसून ते निवडायच्या, गुंड्या काढायच्या, शिवणी उसवायच्या. मग त्या कापडाचा पाण्यावर चालणाऱ्या चाकाखाली लगदा व्हायचा. आता नुसत्या भिंती उभ्या होत्या, छप्पर गेलेलं, खिडक्यांतून झाडं बाहेर आलेली. चाकाच्या खड्ड्यात शेवाळलेलं पाणी साचलं होतं. बाई ऐकत होत्या, पण ऐकत होत्या तो आवाज. बोलता बोलता वाक्याच्या शेवटी खाली उतरायची ती लकब थेट तिच्या वडिलांची.

आणखी एक गोष्ट बाईंच्या ध्यानात आली. भिंगरी बाकीच्यांना नीट हाक मारत होती. रेडिओला काकू म्हणत होती, बॉयलरवाल्याला काका. बाईंची वेळ आली की मात्र ती हाकच गाळत होती. "इथून यायचं," "डोकं सांभाळायचं." तू नाही, तुम्ही नाही. बाईंना ही युक्ती चांगली ठाऊक होती. लग्नानंतरची पहिली काही वर्षं त्या स्वतःही घरात नवऱ्याशी असंच बोलत होत्या.

गिरणीच्या पुढे एक ओढा आडवा आला. त्यात चालायला दगड टाकलेले होते आणि दगडांवरून पाण्याचा पातळ पापुद्रा वाहत होता. भिंगरी मधल्या दगडावर उभी राहून एकेकाला हात देऊन पार करत होती. बाई सगळ्यांच्या शेवटी राहिल्या. पुढे पाऊल टाकलं आणि बूट सरकला.

"मावशी, हात द्या."

बाईंनी हात दिला. तिचा तळवा खरखरीत झाला होता, लाइनमनसारखा. पलीकडे पोचेपर्यंत बाईंच्या डोक्यात ते तीन शब्द घुमत होते. मावशी हे घरातलं होतं. द्या हे बाहेरचं होतं. यातलं कोणतं धरायचं?

रेडिओच्या कानातून काही सुटत नसे. पलीकडच्या काठावर कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "का गं पोरी, मी काकू आणि ह्या मावशी? माझ्यात काय कमी पडलं?"

सगळे हसले. भिंगरी हसली नाही. काठीचं टोक दगडावर घासत, कोणाकडेच न बघता ती म्हणाली, "त्या माझ्या मावशी आहेत."

मग रेडिओने डोळे मोठे केले आणि बाईंकडे वळून विचारलं की काय, ही तुमची सख्खी भाची, आणि तुम्ही सकाळपासून तोंडाला कुलूप लावून बसलात?

बाई आयुष्यभर हातचं राखून बोलत आल्या होत्या. पण बुटांत पाणी गेलं होतं, हाताला तो खरखरीत तळवा अजून लागत होता, आणि समोर सगळं धुलाईघर वाट बघत उभं होतं.

"भाची नाही," त्या म्हणाल्या. "लेक आहे माझी."

भिंगरीचे कान लाल झाले. लहानपणी खोटं बोलताना व्हायचे तसे, पण आता ती काहीच बोलली नव्हती. तिने पाठ फिरवली आणि पुढे वाट निसरडी आहे, एकामागून एक चालायचं, असं सांगून चालायला लागली.

धाकट्या धबधब्यापाशी, म्हणजे तिथले लोक ज्याला धाकटी धार म्हणायचे तिथे, सगळ्यांनी डबे उघडले. पाणी माणसाच्या दुप्पट उंचीवरून पडत होतं, गोंडस, फोटो काढण्याजोगं. थोरली धार आणखी वर होती आणि वाट खडी होती. बॉयलरवाल्याने बूट काढून पाय पाण्यात सोडले आणि जाहीर केलं की त्याला धाकटीच आवडली. बाकीचेही बूड हलवायला तयार नव्हते. रेडिओने बाईंच्या हातात एक उकडलेलं अंडं कोंबलं आणि आयुष्यात कदाचित पहिल्यांदाच आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्ही जा वर. आम्ही इथे आहोत."

भिंगरी वाटेच्या तोंडाशी उभी होती. बाई तिच्यापाशी गेल्या आणि दोघी चढायला लागल्या. पहिल्या वळणानंतर माणसांचे आवाज ऐकू येईनासे झाले.

"फोन का बंद केलास, मावशी?" आता तू होतं.

"तू पण केलास की."

थोडं चालणं झालं. झाडाच्या मुळांना धरून चढावं लागत होतं. भिंगरी पुढे जायची, थांबायची, मागे बघायची. मग पाठ वळवूनच ती म्हणाली, "मला वाटलं, बाबांसाठी म्हणून तू माझं सगळं केलंस. ते गेले, तू सुटलीस. उगाच गळ्यात कशाला पडायचं?"

बाई तिथल्या तिथे थांबल्या. सुटलीस? त्या रिकाम्या घरात संध्याकाळी दिवा लावायचाही कंटाळा करणारी बाई सुटली होती?

"आणि तुला काय वाटलं होतं?" भिंगरीने विचारलं.

"तेच. उलट्या बाजूने," बाई म्हणाल्या. "बाबांसाठी तू मला चालवून घेतलंस, असं."

भिंगरी वळली. तिच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य होतं, मग हसू आलं, आणि हसता हसताच ओठ वाकडे झाले. बाबा असते तर दोघींच्या टाळक्यात एकेक टपली मारली असती, ती म्हणाली. बाई म्हणाल्या, दोघींच्या कशाला, आधी माझ्या.

मग बाईंनी तिला सांगितलं की बाबांना इथे यायचं होतं गं. तिला न कळवता, अचानक, दोघांनी मिळून. डोंगरात चालायला म्हणून नवे बूटही आणले होते. घरात घालून हिंडायचे, सैल व्हावेत म्हणून, आणि फरशीवर टक टक आवाज करायचे. भिंगरीला हे ठाऊक नव्हतं. ती खाली एका दगडावर बसली आणि टोपी काढून तिने तोंड त्यात घातलं. बाई शेजारी बसल्या. हात तिच्या पाठीवर ठेवायला त्यांना जरा वेळ लागला, पण ठेवला.

थोरली धार दिसायच्या आधी अंगावर आली. वळण घेतलं आणि तोंडावर तुषारांचा सपकारा बसला. पाणी इतक्या उंचावरून येत होतं की वरचं टोक बघायला मान मोडून घ्यावी लागत होती. मधेच वाऱ्याने ते एका बाजूला ढकललं जाई आणि मागचा काळा कडा उघडा पडे. दोघी कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. भिंगरी काहीतरी बोलली. बाईंना ऐकू आलं नाही. त्यांनी कान पुढे केला, तिने पुन्हा सांगितलं, तरी पाण्याच्या गर्जनेत शब्द वाहून गेले. बाईंनी नुसती मान हलवली. इतकी वर्षं दोघींमधे शांतता होती तेव्हा एकही शब्द सापडला नव्हता, आणि आता पोरगी बोलत सुटली होती तर ऐकू येत नव्हतं. बाई तिच्या ओठांकडे बघत राहिल्या. त्यांना वाटलं, आत्ता हिचे बाबा हवे होते. मधे उभे राहून त्यांनी इकडचं तिकडे सांगितलं असतं. इतकं वाटलं, इतकं वाटलं, की रडू आवरेना, आणि तोंड आधीच भिजलेलं असल्यामुळे त्या निर्धास्त रडल्या.

उतरताना भिंगरीने तिची खोली दाखवली. लाकडी पलंग, एका कोपऱ्यात शेगडी, दोरीवर वाळत घातलेले मोजे, खिडकीच्या कट्ट्यावर नदीतले गोटे. बाईंनी बसायच्या आधी चादरीची टोकं गादीखाली खोचली, रुग्णालयात खोचतात तशी. भिंगरी बघत होती. आज रात्री राहा, ती म्हणाली, उद्या सकाळच्या गाडीने बसवून देते. बाईंचा जीव त्या पलंगावर अडकला. पण खाली बसवाल्याने भोंगा वाजवला आणि जन्माची सवय आड आली. उद्याचे कपडे यायचे आहेत, सोमवारी सगळ्यात जास्त गाठोडी असतात, असं काहीबाही सांगून त्या उठल्या. बसमध्ये बसल्यावर आणि फाटक मागे पडल्यावर त्यांना कळलं की सोमवारची गाठोडी त्यांच्यावाचूनही धुतली गेली असती. रेडिओने त्यांच्याकडे बघितलं आणि घर येईपर्यंत अवाक्षर काढलं नाही.

त्यानंतर सगळं एकदम सुरळीत झालं असं नाही. फोन व्हायला लागले, पण दोघींना ती कला नव्हती, त्यामुळे अजूनही मधेच गाडं अडायचं. भिंगरी लवकर येते म्हणाली आणि लवकर आली नाही. पावसात वाट खचली, मग कोणी सुट्टीवर गेलं, मग आणखी काही. बाई तारखा विचारायच्या नाहीत. फक्त बाजारातून येताना दोघींना पुरेल इतकी भाजी घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी एकटीने संपवायच्या.

हिवाळ्यात ती आली. दुपारच्या वेळी, खांद्यावर पिशवी, डोळ्यांत प्रवासाची झोप. मावशी, भूक लागली आहे, एवढं म्हणून तिने ताटावर झडप घातली आणि हात धुऊन जी आडवी झाली ती वडिलांच्या खोलीत गाढ झोपली. बाईंनी भांडी घासायला काढली होती. ती तशीच नळाखाली ठेवून दिली, आवाज नको म्हणून. घरात कितीतरी दिवसांनी दुसऱ्या कोणाचा तरी श्वास ऐकू येत होता. बाई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून तो ऐकत राहिल्या. हे कोणाला तरी सांगावं असं त्यांना फार वाटत होतं, आणि ज्यांना सांगायचं त्यांची खुर्ची समोरच होती. उन्हाचा पट्टा फरशीवरून सरकत सरकत त्या खुर्चीपर्यंत गेला. पोर झोपेत कूस बदलून काहीतरी पुटपुटली. बाई लगबगीने उठल्या आणि तिच्या पायांवर पांघरूण ओढून आल्या.